पर्णभक्षी वनकीटक

पर्णभक्षी वनकीटक : जंगलातील झाडांची पाने किंवा सूचिपर्णे (सुईसारखी पाने) खाऊन जगणारे कीटक. यांत सर्वांत मोठा भरणा पतंगांच्या अळ्यांचा. त्याखालोखाल करवतमाश्यांच्या अळ्या, पानांवरचे भुंगेरे आणि काडीकीटक येतात. खाण्याची रीत ज्याची त्याची. कोणी पान कडेपासून कुरतडत आत जातो, कोणी शिरा तशाच ठेवून मधला हिरवा भाग खरवडतो आणि पानाची जाळी करून सोडतो, कोणी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये बोगदा काढतो, तर कोणी पानाची सुरळी करून तिच्यात बसून खातो. झाडावर न चढताही खालच्या पानांवरून आणि जमिनीवर पडलेल्या लेंड्यांवरून गुन्हेगार कोण याचा अंदाज बांधता येतो.

या कीटकांना सरसकट ‘कीड’ म्हणणे बरोबर नाही. बहुतेक जंगलांत बहुतेक वर्षी ते एकूण पानोऱ्याचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी खातात आणि झाडांना त्याचा फारसा फरक पडत नाही. उलट अनेक पक्षी पिले वाढवतात ती याच अळ्यांवर. अळ्यांच्या लेंड्यांतून आणि अर्धवट खाऊन टाकलेल्या पानांच्या तुकड्यांतून नत्र जमिनीत परत जाते, तेही पानगळीची वाट न पाहता. उघड्या पडलेल्या शेंड्यांतून ऊन खाली पोहोचले की तळाशी दबून राहिलेली रोपे उसळी घेतात.

झाडेही मुकाट खाऊ देत नाहीत. ओकचे कोवळे पान मऊ आणि प्रथिनयुक्त असते. पुढे काही आठवड्यांतच ते चिवट होते, त्यातले पाणी व नत्र घटते आणि टॅनिन हे तुरट द्रव्य वाढते. त्यामुळे युरोपातील विंटर मॉथ या पतंगाच्या अळीला अंड्यातून नेमके कळ्या उमलतानाच बाहेर पडावे लागते. चार दिवस आधी निघाली तर उपासमार, दहा दिवस उशिरा निघाली तर निबर पाने.

सगळी पाने गेली तर झाडाचे काय होते, हे झाडाच्या जातीवर ठरते. पानझडी झाड खोडामुळांतला साठा वापरून त्याच हंगामात दुसऱ्यांदा पालवते. एकदा असे झाले तर ते निभावून नेते. सलग दोन-तीन वर्षे झाले की साठा संपतो आणि एरवी झाड ज्यांना दाद देत नाही अशी मूळकूज बुरशी किंवा साल पोखरणारे भुंगेरे शेवटचा घाव घालतात. सदाहरित सूचिपर्णी झाडाचा साठा मुख्यतः जुन्या पानांतच असल्याने पाने पूर्ण गेल्यावर ते एका फटक्यातही मरू शकते. साग मात्र सहसा मरत नाही, खुंटतो. केरळात निलंबूर येथील कोवळ्या सागवनात पाने खाणाऱ्या हिब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळ्यांपासून काही झाडे पाच वर्षे जपून पाहण्यात आली. जपलेल्या झाडांची वाढ हेक्टरी वर्षाला 6.7 घनमीटर भरली, न जपलेल्यांची 3.7 घनमीटर. म्हणजे जवळजवळ 44 टक्के वाढ अळ्यांच्या पोटात गेली होती, आणि ती झाडे बाहेरून पाहता हिरवीगार दिसत होती!

उद्रेक : काही मोजक्याच जाती अधूनमधून हाताबाहेर जातात. त्यामागचा हिशेब सोपा आहे. मादी 500 अंडी घालत असेल, तर संख्या स्थिर राहण्यासाठी त्यांतील 498 जीव मेले पाहिजेत. मरणाऱ्यांचे प्रमाण 99.6 टक्क्यांवरून 98 टक्क्यांवर आले, तर दोनाऐवजी दहा वाचतात. दरवर्षी एकच पिढी धरली तरी तीन वर्षांत संख्या सव्वाशे पट होते. एवढा बारीक फरक पडायला कोरडा वसंत, कमी उंदीर किंवा अळ्यांच्या अंगात वाढणाऱ्या परजीवी माश्यांचे एक वाईट वर्ष पुरते. उत्तर अमेरिकेतल्या ओकच्या जंगलात पांढऱ्या पायांचे उंदीर स्पंजी मॉथ या पर्णभक्षी पतंगाचे कोष मोठ्या प्रमाणावर फस्त करतात. ओकची फळे कमी धरली की उंदीर घटतात आणि पतंगाला मोकळीक मिळते.

भर उद्रेकात जंगलाचा आवाजच बदलतो. वारा पडलेला असतानाही भुरभुर पावसासारखी सरसर ऐकू येते, ती लेंड्यांची. अंगावर, टोपीवर, वहीच्या पानांवर काळसर दाणे पडत राहतात.

मग उद्रेक थांबतो, आणि बहुधा माणसाच्या मदतीशिवाय. दाटी झाली की न्यूक्लिओपॉलीहेड्रो गटातले विषाणू अळ्यांत झपाट्याने पसरतात. बाधित अळी झाडाच्या उंच टोकाकडे चढते, तिथेच मरते आणि तिचे शरीर विरघळून विषाणूंनी भरलेला द्रव खालच्या पानांवर ठिबकतो. जर्मन वनरक्षकांना हा ‘शेंड्याचा रोग’ एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होता. अळीला वर चढायला लावण्यात विषाणूच्या एका जनुकाचा हात असल्याचे 2011 मध्ये दिसून आले. स्पंजी मॉथच्या मेलेल्या अळ्या पाहूनही निदान करता येते. विषाणूने मेलेली अळी मधल्या पायांवर उलट्या ‘व्ही’सारखी लोंबते, बुरशीने मेलेली खोडाला चिकटून, डोके खाली करून सरळ सुकते.

काही जातींचे उद्रेक घड्याळासारखे येतात. आल्प्समधील एंगाडीन खोऱ्यात लार्च या सूचिपर्णी झाडावरील कळीपतंगाचा उद्रेक दर आठ-नऊ वर्षांनी होत असे. एकदा सूचिपर्णे गेली की पुढची काही वर्षे लार्चला आखूड, चिवट आणि निकस पाने येतात. परजीवीही वाढलेले असतात. दोन्हींच्या माऱ्याने अळ्यांची संख्या कोसळते आणि झाड सावरले की पुन्हा चढू लागते. खोडांतील अरुंद वलये पाहून हा क्रम सुमारे 1,200 वर्षे मागे नेता आला. 1981 नंतर मात्र तो विस्कळीत झाला आणि वाढते तापमान हे त्याचे मुख्य संशयित कारण मानले जाते.

नियंत्रण : पहिला प्रश्न ‘कसे मारायचे’ हा नसून ‘मारायची गरज आहे का’ हा असतो. दूरच्या मिश्र जंगलात काहीच न करणे हा बहुतेक वेळा योग्य निर्णय ठरतो, जरी ते गावकऱ्यांना पटवणे सर्वांत कठीण असले तरी. एकाच जातीची, एकाच वयाची लागवड असेल, किंवा कीटक परक्या खंडातून आलेला असेल, तर गोष्ट वेगळी.

परक्या कीटकाचे सर्वांत गाजलेले उदाहरण स्पंजी मॉथचे. एतिएन त्रूव्हलो या फ्रेंच चित्रकाराने रेशमाच्या प्रयोगांसाठी हा पतंग अमेरिकेत नेला आणि 1869 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड येथे त्याच्या हातून तो निसटला. वीस वर्षांनी शहरातली झाडे बोडकी होऊ लागली. लेड आर्सेनेट हे विषारी कीटकनाशक याच लढाईत तयार झाले आणि पुढे अनेक दशके फळबागांमध्ये वापरले गेले. विमानातून कीटकनाशक टाकण्याचा पहिला प्रयोगही पर्णभक्षी अळीवरच झाला : 1921 मध्ये ओहायोतील ट्रॉय येथे कॅटाल्पाच्या झाडांवर लेड आर्सेनेटची भुकटी धुरळण्यात आली.

विमान हाती आल्यावर हात सैल सुटला. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात स्प्रूस बडवर्म या अळीविरुद्ध 1952 पासून फर-स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या विस्तीर्ण जंगलांवर डीडीटी हे कीटकनाशक फवारले गेले; 1954 मध्ये मिरामिशी नदीत सॅमनची पिले मोठ्या संख्येने मेली. जंगल हिरवे राहिले खरे, पण अळ्यांचे अन्नही शाबूत राहिल्याने उद्रेक लांबला, असाही एक मतप्रवाह आहे. 2014 पासून तिथे उलटी पद्धत वापरली जाते : संख्या वाढू लागलेले छोटे पट्टे शोधायचे आणि तेवढ्यांवरच फवारायचे.

आज जंगलात सर्वाधिक चालते ते बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे कुर्स्ताकी वाण. त्याचे प्रथिनस्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात आणि आतड्याच्या अस्तराला भोके पाडतात. अळी काही तासांत खाणे थांबवते. पक्षी, मासे, मधमाश्या यांना त्याचा त्रास होत नाही. अडचण वेळेची आहे. पान एवढे उलगडलेले हवे की त्यावर थेंब बसेल आणि अळी एवढी लहान हवी की तेवढ्या मात्रेने मरेल. उन्हाने हे औषध काही दिवसांतच निकामी होते, त्यामुळे फवारणीचा हंगाम जेमतेम आठवडा-दोन आठवड्यांचा. शिवाय त्या वेळी पाने खात असलेल्या फुलपाखरांच्या अळ्याही यात बळी पडतात, हे विसरून चालत नाही.

परजीवी सोडण्याच्या उपायाने सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट असे दोन्ही धडे दिले आहेत. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात शिरलेल्या विंटर मॉथवर 1950 च्या दशकात युरोपातून सायझेनिस अल्बिकान्स ही माशी आणून सोडली. ती अळीला शिवतही नाही. कुरतडलेल्या पानाच्या कडेला ती बारीक अंडी ठेवते, अळी पानासोबत ती गिळते आणि पुढे स्वतःच पोखरली जाते. या माशीचे विंटर मॉथशीच जमते, म्हणून ती यशस्वी ठरली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीलाच ओकची जंगले सावरली. याउलट स्पंजी मॉथसाठी 1906 मध्ये आणलेली कॉम्प्सिल्युरा कॉन्सिनाटा ही माशी दीडशेहून अधिक जातींच्या अळ्यांवर वाढते. वर्षातून तिच्या अनेक पिढ्या होतात आणि स्पंजी मॉथची एकच, त्यामुळे उरलेल्या काळात तिने सेक्रोपियासारख्या देखण्या स्थानिक रेशीमपतंगांचा फडशा पाडला.

कामगंध (जोडीदाराला बोलावण्यासाठी कीटक सोडतो तो गंध) लावलेले सापळे अळ्या मारत नाहीत, पण पतंग कुठे पोहोचला ते सांगतात. स्पंजी मॉथच्या मादीचा कामगंध 1970 मध्ये ओळखला गेला. त्याची कृत्रिम नक्कल हवेत पसरून नरांना चकवण्याचे तंत्र पसरणीच्या आघाडीवर, विरळ संख्येतच उपयोगी पडते. या पतंगाच्या युरोपीय वाणाची मादी उडत नाही. तो दूर जातो तो मुख्यतः जळाऊ लाकूड, गाड्या आणि अंगणातल्या खुर्च्यांना चिकटलेल्या अंडीपुंजांतून. म्हणून हिवाळ्यात अंडीपुंज चाकूने खरवडून साबणाच्या पाण्यात बुडवतात. नुसते जमिनीवर पाडले तर त्यांतून वसंतात अळ्या बाहेर पडतातच.