रॅचेटचा पट्टा की कॅम बकलचा? बंद ट्रेलरमध्ये बाइक बांधण्याआधी

गुंडाळून ठेवलेले असताना दोन्ही पट्टे सारखेच दिसतात. तीच पॉलिएस्टरची पट्टी, टोकांना तेच हुक. फरक असतो तो मधल्या बकलमध्ये.

कॅम बकलमध्ये स्प्रिंगवर बसवलेली दातेरी जीभ असते. पट्टा ओढला की ती त्याला चावून धरते. ताण येतो तो फक्त तुमच्या हाताच्या जोराने. रॅचेटमध्ये पट्टा फिरकीवर गुंडाळला जातो. दांडा मागेपुढे केला की फिरकी एकेक दाता सरकते आणि खिट्टी तिला उलटं फिरू देत नाही. दांड्यामुळे जोर कितीतरी पटींनी वाढतो. त्यामुळे किरकोळ अंगाचा माणूसही जड बाइकचे फोर्क (पुढचं चाक धरणारे, आत स्प्रिंग असलेले दोन नळे) पार तळापर्यंत दाबू शकतो, आणि आपण किती ताण दिला हे हाताला कळत नाही.

खरी गोम फोर्कपाशीच आहे. पुढचे दोन पट्टे शक्यतो हँडलला न बांधता खालच्या ट्रिपल क्लॅम्पला (फोर्कचे दोन्ही नळे एकत्र धरणाऱ्या जोडाला) मऊ लूप, म्हणजे कापडी पट्टीचा फास, घालून बांधावेत आणि साधारण 45 अंशांत पुढे व बाहेरच्या बाजूला ओढावेत. मग फोर्क थोडा दाबायचा. का दाबायचा? ट्रेलर खड्ड्यात आदळला की बाइक आणखी खाली बसते, पट्टा क्षणभर सैल पडतो आणि उघड्या तोंडाचा हुक ट्रेलरमधल्या कडीतून निसटतो. फोर्क आधीच दाबलेला असला की त्याची स्प्रिंग हा सैलपणा खाऊन टाकते. पण पूर्ण दाबला तर स्प्रिंगला काम करायला जागाच उरत नाही, आणि प्रत्येक हादरा थेट फोर्कमधलं तेल अडवणारं सील, पट्टा आणि कडीवर येतो. एकूण हालचालीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत दाबला की पुरे.

म्हणून हलक्या बाइकला, विशेषतः डर्ट बाइकला, पुढे मी कॅम बकलच लावायला सांगेन. त्याने अति आवळणं अवघड जातं. जड टूरिंग बाइकला मात्र हाताचा जोर कमी पडतो. तिथे रॅचेट लावा, पण दोन्ही बाजूंना आळीपाळीने दोन-दोन दाते द्या आणि दर वेळी फोर्ककडे बघा. एकच बाजू आधी घट्ट केली की बाइक तिकडे कलते.

मागचे पट्टे कोणतेही चालतात. त्यांचं काम मागचं चाक आडवं सरकू न देणं एवढंच. चाकालाच बांधणार असाल तर रॅचेट उत्तम, कारण मग सस्पेन्शन दाबलं जातच नाही.

बंद ट्रेलरमध्ये एक अडचण वेगळी आहे: आरशात बाइक दिसत नाही. भिजलेल्या किंवा झिजलेल्या पट्टीवर कॅमची पकड हळूहळू सरकू शकते, म्हणून उरलेल्या शेपटाची बकलखाली एक गाठ मारून ठेवा. रॅचेटच्या फिरकीवर निदान दोन वेढे हवेत. उलट फार गुंडाळलं तर ती अडकते आणि सोडताना जीव नको होतो. निघाल्यावर थोडं अंतर कापलं की थांबा, दार उघडा आणि चारही पट्टे हाताने दाबून बघा. कड्या नुसत्या प्लायवुडला ठोकलेल्या असतील तर पट्टा कितीही भारी असला तरी उपयोग नाही. त्या ट्रेलरच्या चौकटीलाच पक्क्या हव्यात.

विकत घेताना लेबलवरचे दोन आकडे नीट वाचा. मोठा असतो तो तुटण्याचा भार. तुमच्या कामाचा तो सुरक्षित वापराचा भार, जो सहसा त्याच्या एक तृतीयांश असतो.

उतरवताना तर फरक हातालाच जाणवतो. कॅमची जीभ अंगठ्याने दाबताना शेपूट धरून ठेवलं की फोर्क सावकाश वर येतो. रॅचेट उघडला की सगळा ताण एकदम सुटतो आणि बाइक उसळते. त्या वेळी दुसऱ्या कुणीतरी हँडल धरलेलं असलंच पाहिजे.