लहान कुत्र्यांच्या पिसवा: घरचा उपाय की औषध? (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या काउंटरवर पिसवांच्या औषधाची मागणी सगळ्यात जास्त असते. एक ग्राहक म्हणतो, "केमिकल नको, कडुनिंबाचं काही द्या. आमचं पामेरियन एवढंसं तर आहे." दुसरा म्हणतो, "पाला-बिला राहू द्या, जालीम असेल ते द्या." आम्ही दोन्ही विकतो, त्यामुळे एकाचीच तरफदारी करण्यात आमचा फायदा नाही. आमचा सल्ला असा, की कडुनिंब, ऊन आणि फडा घरासाठी वापरा. कुत्र्याच्या अंगावर मात्र वजन पाहून दिलेलं औषधच लावा.

अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण पिसवांच्या जेमतेम 5 टक्के असतात. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात घरात असतात. एक मादी दिवसाला 40 ते 50 अंडी घालू शकते. ही अंडी केसांना चिकटत नाहीत. कुत्रं जिथे बसेल तिथे गळतात, मग ते बारदान असो, खाटेखालची जागा असो, ओसरीतली भेग असो की कोठ्यातलं कुटार. वैशाखातल्या 45 अंशांच्या कोरड्या उन्हात उघड्यावरची अंडी आणि अळ्या वाळून मरतात, म्हणून उन्हाळ्यात पिसवा गेल्यासारख्या वाटतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की सावलीतला माल पुन्हा वाढीला लागतो. कोष तर फारच चिवट. त्यातली पिसू कित्येक महिने गप्प बसू शकते आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब जाणवली की बाहेर पडते. घर बंद करून महिनाभर लेकीकडे राहून आलात आणि दार उघडताच पाय चावून निघाले, तर कारण हेच.

त्यामुळे आधी घराकडे पाहा. कुत्र्याचं अंथरूण आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. भेगा बुजवा, खाटेखाली रोज झाडा. झाडलेला केर उकिरड्यावर टाकू नका, जाळून टाका. उवांची बारीक दातांची फणी असेल तर मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत फिरवा आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. काळे कण निघाले तर ओल्या कापसावर ठेवून पाहा. लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. या कामाला पैसे लागत नाहीत. लहान पिल्लाला तर पिसवांमुळे रक्त कमी पडून अशक्तपणा येऊ शकतो, तेव्हा फणी रोज फिरवावी.

आता कडुनिंब. पाला उकळून गार केलेल्या पाण्याने आंघोळ घालायला हरकत नाही. कडुनिंबाचं तेल लावायचंच असेल तर एका भागाला दहा भाग खोबरेल घ्या. आधी खांद्यावर चार बोटं जागेत लावून एक दिवस वाट पाहा. पिसवा थोडा वेळ दूर राहतात, पण मरतील याची खात्री नाही. वासही दोन-तीन दिवसांत उडतो. चाटलं तर लहान कुत्र्याला उलटी होऊ शकते. पऱ्हाटीवर मारायचं बाटलीबंद निंबोळीचं औषध अंगावर नको, त्यात पिकासाठी घातलेले इतर पदार्थही असतात.

"घरचं आहे, म्हणजे निरुपद्रवी आहे" ही समजूत आम्हाला जास्त धोक्याची वाटते. लसूण खाऊ घातल्याने पिसवा जात नाहीत, उलट कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी वापरतात, पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा करते. तंबाखूच्या पाण्यातलं निकोटिन कातडीतून भिनतं. घासलेटाने कातडी भाजते आणि चाटताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. डांबराच्या गोळ्या अंथरुणात ठेवू नका. हल्ली ऑनलाइन मिळणारं टी ट्री तेलही तसंच, शुद्ध तेलाचे थोडे मिलिलीटरही छोट्या कुत्र्याला लटपटायला लावतात.

केमिकलची भीती पूर्ण खोटी नाही, पण ती चुकीच्या बाटलीची धरायला हवी. ढोरांच्या गोचिडांचं डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन अंदाजाने झाकणभर घेऊन 4 किलोच्या कुत्र्यावर ओतलं, तर थरथर, लाळ, झटके अशी लक्षणं दिसतात. शेतातलं औषध तर घरातल्या कुठल्याच जनावराला लावू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, हे आपण विसरलेलो नाही. कोणी म्हणेल, फिप्रोनिल पऱ्हाटीवरही मारतात आणि कुत्र्यालाही लावतात, मग वेगळी बाटली कशाला? शेतातलं फिप्रोनिल 5 टक्क्यांचं येतं, कुत्र्यासाठीचा स्प्रे 0.25 टक्क्यांचा. म्हणजे वीसपट फरक, शिवाय आतलं द्रावणही वेगळं.

कुत्र्यासाठी बनवलेलं, छोट्या नळीत येणारं फिप्रोनिल मानेच्या मागे, दोन्ही खांद्यांच्या मध्ये केस बाजूला करून कातडीवर टाकायचं. 10 किलोपर्यंतच्या कुत्र्याची नळी 0.67 मिलिलीटरची असते. 20 ते 40 किलोच्या कुत्र्याच्या नळीत त्याच्या चौपट औषध येतं. मोठी नळी घेऊन घरातल्या दोन-तीन पिल्लांना वाटून टाकायचा मोह होतो, पण थेंब सारखे पडत नाहीत. आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. पिल्लू 8 आठवड्यांचं व्हायच्या आत नळी वापरू नका. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेली नळी घेऊच नका, मांजराचा जीव जाऊ शकतो.

गोळीचा पर्यायही आहे. अफोक्सोलानर महिनाभर, फ्लुरालानर सुमारे 12 आठवडे काम करतं. आंघोळीची अडचण नाही. पिसू चावल्यावरच मरते, म्हणून चावे एकदम थांबत नाहीत. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर गोळी मागण्याआधी पशुवैद्यकाला विचारा. 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात असा इशारा दिला होता. बहुतेक कुत्र्यांना त्रास होत नाही, पण तुमचं कुत्रं त्यातलं आहे की नाही, हे काउंटरवरून कळत नाही.

औषध लावल्यावर पंधरा दिवसांनी पिसवा दिसल्या की काही जण "माल नकली दिला" म्हणून परत येतात. नकली माल बाजारात असतो, तो प्रश्न वेगळा. बहुतेक वेळा मात्र या जुन्या कोषांतून नव्याने निघालेल्या पिसवा असतात. कोषाच्या आतपर्यंत कुठलंही औषध पोचत नाही. म्हणून सलग तीन महिने चालू ठेवा, घरातलं प्रत्येक कुत्रं धरा आणि अंथरूण धुणं थांबवू नका. एका कुत्र्याला लावून दुसऱ्याला तसंच ठेवणं म्हणजे पैसे वाया.

कुत्र्याच्या विष्ठेत काकडीच्या बियांसारखे पांढरे तुकडे हलताना दिसले तर तो पट्टकृमी आहे. पिसू चाटून गिळल्याने तो पोटात जातो, क्वचित लहान लेकरांनाही होतो. त्यासाठी पिसवांचं औषध चालत नाही, कृमीचं वेगळं लागतं.

औषध घ्यायला येताना कुत्रं सोबत आणा. ढेपीच्या पोत्यांचा वजनकाटा आहे, त्याच्यावर मोफत तोलून देऊ. आणणं जमलं नाही तर घरच्या काट्यावर आधी तुम्ही एकटे, मग कुत्र्याला कडेवर घेऊन उभे राहा, फरक लिहून आणा. चुकून भलतं औषध लागलं असेल तर भांडी घासायच्या साबणाने लगेच धुवा, उलटी करवू नका, आणि बाटली सोबत घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा 1962 या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन करा.