आषाढात दार का अडतं?

मृग बरसून आठ-पंधरा दिवस झाले की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरोघरी दाराला खांदा लावायची वेळ येते. वैशाखात अलगद मिटणारं न्हाणीचं दार आता चौकटीत रुतून बसतं. वैतागून सुतार बोलावला जातो, तो रंधा मारतो, आणि माघात त्याच दाराच्या फटीतून बोटभर उजेड आत येतो.

लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि त्याच्या पेशींच्या भिंती फुगतात. हवेची आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडात सुमारे १२ टक्के पाणी टिकतं. ९० टक्के आर्द्रता आठवडेच्या आठवडे राहिली की ते २० टक्क्यांच्या आसपास जातं. पण फुगणं सगळीकडे सारखं नसतं. रेषांच्या दिशेने, म्हणजे दाराच्या उंचीत, ते नगण्यच. रुंदीत मात्र साग पाण्याच्या दर टक्क्याला ०.२ टक्क्यापर्यंत वाढतो. जुन्या पद्धतीचं, उभ्या फळ्या घट्ट जोडलेलं ८० सेंटिमीटरचं दार त्यामुळे सेंटिमीटरभर रुंद होऊ शकतं. पॅनेलच्या दारात मधली फळी खाचेत मोकळी असते, ती आतल्या आत फुगते. बाहेर जाणवतात त्या फक्त दोन बाजूंच्या उभ्या पट्ट्या. प्रत्येकी १० सेंटिमीटरच्या धरल्या तर वाढ ३ मिलिमीटर. सुताराने बसवतानाच तेवढी फट सोडली असेल तर दार अडत नाही.

मात्र प्रत्येक अडणारं दार फुगलेलंच असतं असं नाही. चौकटीला खडू फासून दार लावून पाहा. पूर्ण उभ्या कडेला खडू लागला तर ते फुगलंय. फक्त कडीकडच्या वरच्या कोपऱ्यात लागला तर बहुधा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले आहेत. तिथे रंधा मारणं म्हणजे चांगलं लाकूड फुकट घालवणं.

फुगलेल्या दाराला पावसाळाभर मेणबत्ती घासावी. अगदीच मिटत नसेल तर घासतं तेवढंच तासावं, एक केसही जास्त नाही.

खरं काम एप्रिल-मेचं, लाकूड कोरडं असताना. दार बिजागरीतून उतरवून सहाही बाजूंना रंगाचे दोन हात द्यावेत. दिसत नाही म्हणून खालची कड बहुतेक वेळा कोरीच राहते. नेमकी तिथेच उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं उघडी असतात, आणि न्हाणीतलं पाणी ती सगळ्यात वेगाने ओढतात.