वस्तऱ्याने दाढी

उघड्या धारेच्या, मुठीत मिटणाऱ्या पोलादी वस्तऱ्याने स्वतःची दाढी स्वतः करण्याची रीत. इंग्लंडमधले शेफील्ड आणि जर्मनीतले झोलिंगेन ही वस्तऱ्यांसाठी नावाजलेली गावे. १९०४ मध्ये जिलेटला सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले आणि पुढे घरोघरचा वस्तरा मागे पडला. आपल्याकडच्या सलूनमध्ये आता दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धे घालायचा वस्तरा असतो. गिऱ्हाइकागणिक ब्लेड बदलता येते, म्हणून तिथे तोच योग्य. ही नोंद अखंड पात्याच्या वस्तऱ्याची आहे.

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. शिकणाऱ्याने ५/८ किंवा ६/८ रुंदीचा, गोल टोकाचा घ्यावा. नवा वस्तरा धार लावलेला असतोच असे नाही, आणि सुरुवातीच्या बहुतेक तक्रारी हाताच्या नसून धारेच्या असतात. त्यामुळे पहिली धार जाणकाराकडून लावून घेणे उत्तम. निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पाठ (धारेसमोरची जाड कड) आणि धार दोन्ही टेकलेली ठेवतात. धारेचा कोन पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवर ठरतो.

परजणे, म्हणजे कापड-चामड्याच्या पट्ट्यावर घासून धार सरळ करणे, मात्र दर दाढीआधी स्वतःलाच करावे लागते. पट्टा ताठ ताणून पाठ पुढे, धार मागे अशी ओढ द्यावी. पट्ट्याच्या टोकाशी वस्तरा पाठीवरून उलटावा. धारेवरून उलटला की पट्टा चिरतो. कापडावर २०-३०, मग चामड्यावर ५०-६० फेऱ्या पुरतात. पट्टा सैल राहिला किंवा हात जड पडला तर धार गोल होते. घाई नको, वेग आपोआप येतो.

दाढी गरम पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजवून दाट फेस करावा. बोटे कोरडी हवीत, नाहीतर ताणलेली कातडी निसटते. वस्तरा कातडीशी सुमारे ३० अंशांत धरावा: पाठ आणि गाल यांत पाठीच्या एक-दोन जाडीएवढी फट. फट कमी झाली की केस ओढले जातात, वाढली की कातडी खरवडते. पात्याच्या वजनाहून जास्त दाब देऊ नये. वस्तरा धारेच्या लांबीच्या दिशेने जरा जरी सरकला तरी चिरतो. बहुतेक जखमा अशाच होतात.

पहिले काही दिवस फक्त गाल करावेत आणि उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने. कल्ल्याखालची कातडी वर कानशिलाकडे ओढून खाली छोटे हात मारावेत. हनुवटी सर्वांत अवघड, ती शेवटी शिकावी. मानेवरचे केस पुष्कळदा आडवे किंवा वर वाढतात, म्हणून आधी बोट फिरवून दिशा पाहावी. सुलटा (केसांच्या दिशेने) हात बसल्याशिवाय उलटा मारू नये. बारीक चिरेवर ओली तुरटी लावली की रक्त थांबते. दाढीनंतर आग होत असेल तर आधी धार तपासावी. बोथट वस्तरा माणसाला नकळत दाबायला लावतो.

कार्बन पोलाद गंजते. पाते पाठीकडून धारेकडे पुसून, मुठीच्या फटीतले पाणीही टिपून, वस्तरा न्हाणीघराबाहेर ठेवावा. कोकणातल्या पावसाळ्यात तेलाचा पातळ हात रोज फिरवावा लागतो.