झाडं लावा, पण माळ कुणाचा ते आधी बघा

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. मुरमाड माळावर एवढ्या पाण्यात तग धरतं ते गवत: मारवेल, पवन्या, कुसळी. पण कागदोपत्री असा माळ बहुतेकदा ‘पडीक’ असतो, आणि वृक्षलागवडीचं उद्दिष्ट आलं की खड्डे तिथेच पडतात. २०१९ मध्ये राज्याचं उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचं होतं.

लागवडीमागोमाग चराईबंदी येते. रोपं जगवायची तर ती लागतेच. पण धनगराच्या मेंढ्या त्या काळात कुठे जाणार? त्याचं पोट नुसत्या मेंढ्या विकून भरत नाही. तो शेतात रात्री मेंढ्या बसवतो, शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो, आणि त्या लेंडीखतावर रब्बीची ज्वारी पोसते. म्हणजे माळावरचं गवत गेलं तर फटका ज्वारीच्या रानापर्यंत पोचतो.

लागवडीत उंदीरमारी, म्हणजे गिरीपुष्प, पुष्कळदा दिसते. उग्र वासामुळे जनावरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती जगते. मेंढपाळाला ती निरुपयोगी ठरते तीही नेमकी याच कारणानं! माळावरची ही गवतं कडक उन्हात, कमी पाण्यात अन्न तयार करण्यात तरबेज आहेत. दाट सावलीत त्यांचा हा गुण वाया जातो आणि ती विरळ होतात. सुरुवातीची काही वर्षं बंद कुंपणात गवत जोमानं वाढतं, खड्डे खणण्याची मजुरीही मिळते, हे खरं. पण मजुरी काही महिन्यांची आणि गवत सावली पडेपर्यंतचं.

हिमाचलमधल्या कांगडा जिल्ह्यातल्या लागवडींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक दशकं रोपं लावूनही तिथलं वृक्षाच्छादन फारसं वाढलेलं दिसलं नाही. उलट, चाऱ्याला आणि सरपणाला उपयोगी पडणाऱ्या रुंद पानांच्या झाडांचं प्रमाण घटलं. तिथला डोंगर वेगळा, हवा वेगळी, पण मला त्यात आपला माळ दिसतो.

झाडं हवीतच. बांधावर बाभूळ, हिवर लावावी. त्यांची सावली विरळ असते, आणि उन्हाळ्यात गवत संपल्यावर शेळ्या बाभळीच्या शेंगांवर निघतात. माळाचा मात्र एकेक तुकडा आळीपाळीनं पावसाळ्यात बंद ठेवावा, गवताचं बी झडू द्यावं आणि दिवाळीनंतर तो कापणीला, चराईला खुला करावा. कुठला तुकडा कधी बंद ठेवायचा, हे ग्रामसभेत मेंढपाळांना बसवून ठरवावं.