रोमचा खर्च आणि मॅरिलिनचा अपुरा विनोदपट

८ जून १९६२ रोजी ट्वेंटीएथ सेंच्युरी फॉक्सने मॅरिलिन मन्रोला ‘समथिंग्ज गॉट टू गिव्ह’ या चित्रपटातून काढून टाकलं. कारण दिलं गैरहजेरीचं, आणि ते खोटं नव्हतं. चित्रीकरण सुरू होऊन दीड महिना झाला होता आणि त्यातले जेमतेम डझनभर दिवस ती सेटवर आली होती. त्यानंतर आठ आठवड्यांनी ती वारली. तेव्हापासून या चित्रपटाची हकीगत बहुतेक एकाच चालीत सांगितली जाते: गोळ्यांच्या आहारी गेलेली नटी, हात टेकलेला स्टुडिओ, बुडालेला चित्रपट. त्या हकिगतीत रोमचा, म्हणजे तिथे चाललेल्या फॉक्सच्याच ‘क्लिओपात्रा’चा, उल्लेख असलाच तर ओझरता असतो. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी. पण आधी मूळ गोष्टीबद्दल.

मेलेला समजून ज्याचं नाव सोडून दिलं तो जोडीदार वर्षांनी दारात उभा राहतो, ही कल्पना इंग्रजी वाचकांत रुजवली टेनिसनने, १८६४ सालच्या ‘इनॉक आर्डन’ या दीर्घकाव्यात. त्याचा खलाशी परत येतो, बायकोचा दुसरा संसार लांबून पाहतो आणि काही न बोलता माघारी फिरतो. हॉलिवूडने या रडकथेतला नवरा काढून तिथे बायको घातली आणि तिचा फार्स केला. १९४० च्या ‘माय फेव्हरिट वाइफ’मध्ये आयरीन डन समुद्रात हरवते आणि नवरा, म्हणजे कॅरी ग्रँट, दुसरं लग्न करतो नेमक्या त्याच दिवशी घरी परतते. नायक-नायिकेचं आडनाव आर्डनच ठेवलं होतं. टेनिसनला तेवढा नमस्कार.

फॉक्सला १९६२ साली याच चित्रपटाची नवी, रंगीत आवृत्ती काढायची होती. नायक डीन मार्टिन, नवी बायको सिड चॅरिस, दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर. मॅरिलिनची एलन पाच वर्षांनी बेटावरून परतते. मुलं आईला ओळखत नाहीत, कुत्रा मात्र ओळखतो. मग ती स्वीडिश उच्चारांत बोलत मोलकरीण म्हणून स्वतःच्याच घरात शिरते. बेटावर ती एकटी नव्हती, एक देखणा पुरुषही होता, हे नवऱ्याला कळतं तेव्हा ती बुटांच्या दुकानातल्या एका किरकोळ विक्रेत्याला ‘हाच तो’ म्हणून पुढे करते. हमखास चालेल असा, जुन्या धाटणीचा मसाला. क्यूकरने स्वतःच्या बेव्हर्ली हिल्समधल्या घराची पोहण्याच्या तलावासकट प्रतिकृती स्टुडिओत उभी करून घेतली.

हमखास चालणारं काहीतरी फॉक्सला तातडीने हवं होतं, आणि त्याचं कारण रोममध्ये होतं. तिथे ‘क्लिओपात्रा’चं चित्रीकरण चाललं होतं, खरं म्हणजे चालत नव्हतं. सुरुवातीचा अंदाज होता २० लाख डॉलरच्या आसपास. आधी लंडनजवळ सेट बांधले. तिथल्या हवेत नायिका एलिझाबेथ टेलर न्यूमोनियाने मरता मरता वाचली. मग ते सेट टाकून सगळं रोममध्ये नव्याने बांधलं. दिग्दर्शक बदलला, नट बदलले, आणि शेवटी आकडा ३ कोटी डॉलरच्या पलीकडे गेला. एकट्या टेलरचा करार १० लाखांचा होता. पैसे उभे करायला फॉक्सने लॉस एंजेलिसमधली स्टुडिओमागची आपली जमीन विकायला काढली. जिथे खोटी गावं आणि खोटे रस्ते होते, तिथे आज सेंच्युरी सिटी नावाची उंच इमारतींची वस्ती आहे.

याउलट मॅरिलिनचा करार जुना होता. १९५४ च्या अखेरीस ती फॉक्सशी भांडून न्यूयॉर्कला निघून गेली होती आणि १९५५ च्या अखेरीस स्टुडिओला वाकवून नवा करार करून आली होती: सात वर्षांत चार चित्रपट, प्रत्येकी १ लाख डॉलर, आणि दिग्दर्शक कोण असावा यात तिचा शब्द. १९५५ साली हा मोठा विजय होता. पण १९६२ साली तेच १ लाख टेलरच्या मानधनाचा दहावा हिस्सा ठरले. करारातले दोनच चित्रपट झाले होते, तिसरा द्यायचा होता. ती नाही म्हणू शकत नव्हती, आणि स्टुडिओला ती इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळणार नव्हती.

तिची प्रकृती ठीक नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. १९६१ मध्ये तिच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती. झोपेच्या गोळ्यांची सवय जुनीच होती. तिचे मानसोपचारतज्ज्ञ राल्फ ग्रीनसन यांच्या ओळखीचा हेन्री वाइनस्टीन निर्माता म्हणून आणला गेला, तो तिला वेळेवर आणेल या आशेने. वाइनस्टीनने पुढे सांगितलं की चित्रीकरणाआधीच ती गोळ्यांमुळे बेशुद्ध पडलेली त्याला आढळली आणि त्याने तारखा पुढे ढकलायला सांगितलं. हृदयविकाराचा झटका आला असता तर तुम्ही थांबला असता, असा त्याचा युक्तिवाद होता. स्टुडिओ थांबला नाही. रोमला रोज पैसे जात होते.

२३ एप्रिलला काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी ती आली नाही. सायनसचा संसर्ग, ताप. पटकथा नुनॅली जॉन्सनची होती आणि ती मॅरिलिनला आवडली होती. क्यूकरला ती पटकथा पसंत नव्हती, म्हणून वॉल्टर बर्नस्टीनला बसवून रोज नवी पानं लिहवली जात होती. ज्या नटीला संवाद पाठ करायची धास्ती होती, तिच्या हाती आयत्या वेळी नवे संवाद पडत होते. तिच्याशिवाय जे काही चित्रित करता येईल ते क्यूकरने करून घेतलं. मग तेही संपलं.

१७ मेला ती सेटवरून थेट हेलिकॉप्टरने निघाली आणि न्यूयॉर्कला गेली. १९ मेला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अध्यक्ष केनेडींच्या वाढदिवसाचं ते प्रसिद्ध गाणं झालं (वाढदिवस खरा २९ मेचा). या प्रवासाला आधी परवानगी होती, नंतर ती मागे घेतली गेली. आजारी म्हणून घरी असणारी बाई हजारो लोकांसमोर गाते, हे हॉलिवूडमधल्या हिशेबनीसांना कसं दिसलं असेल, ते सांगायला नको. इथे मात्र स्टुडिओची बाजू मला समजते. राष्ट्राध्यक्षांचं निमंत्रण नाकारणं अवघड, हे खरं. पण अख्खा सेट ताटकळत ठेवून जाणंही सोपं नसावं.

ती परत आली तेव्हा मार्टिनला सर्दी होती. डॉक्टरांनी तिला त्याच्याजवळ जायला मनाई केली, म्हणून क्यूकरने २३ मेला रात्रीच्या तलावातलं दृश्य घेतलं. एलन मध्यरात्री पोहताना वर खिडकीत उभ्या नवऱ्याला हाका मारते. अंगाच्या रंगाचा पोहण्याचा पोशाख कॅमेऱ्यात दिसत होता, तो तिने काढून टाकला. छायाचित्रकार सेटवर होतेच. त्यातली चित्रं २२ जूनच्या ‘लाइफ’मध्ये आणि मग जगभरच्या मासिकांत आली. ‘क्लिओपात्रा’च्या बातम्यांनी महिनोन् महिने व्यापलेली जागा तिने एका रात्रीत परत मिळवली. हे तिला उमगलेलं नव्हतं असं मानणं म्हणजे तिला फारच भोळी समजणं होय.

१ जूनला तिला छत्तीस वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी तिने पूर्ण काम केलं, सेटवर केक कापला, आणि संध्याकाळी डॉजर स्टेडियमवर स्नायूंच्या आजारासाठी निधी जमवणाऱ्या कार्यक्रमाला गेली. सोमवारी पुन्हा आजारी. आठवड्याच्या शेवटी काढल्याचं जाहीर झालं, वर साडेसात लाख डॉलरचा दावा. तिच्या जागी ली रेमिक ही नटी येणार असं सांगून रेमिकचे क्यूकरसोबतचे फोटोही काढले.

डीन मार्टिन अडून बसेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. मद्याचा पेला हातात घेऊन बेफिकीर वावरायचं, हीच त्याची पडद्यावरची ओळख. पण नायिका कोण असावी याला संमती देण्याचा हक्क त्याच्या करारात होता आणि तो त्याने वापरला. रेमिकबद्दल आदर आहे, पण मी मॅरिलिनसोबतच्या चित्रपटावर सही केली आहे, एवढंच त्याचं म्हणणं. फॉक्सने त्याच्यावरही दावा लावला, त्याने उलट दावा केला, आणि काम बंद पडलं. सेटवरची माणसं घरी बसली.

बोर्डालाही तोवर कळून चुकलं होतं की आग रोममध्ये लागली आहे. जूनच्या अखेरीस फॉक्सचे अध्यक्ष स्पायरोस स्कूरास पायउतार झाले आणि जुलैमध्ये स्टुडिओचा जुना प्रमुख डॅरिल झॅनक परतला. टेलरला कुणी काढू शकत नव्हतं. तिच्यात इतके पैसे अडकले होते की ती आजारी पडली तर सगळ्यांनी थांबायचं. मॅरिलिनवर त्या मानाने किरकोळ रक्कम लागली होती, आणि तिला काढून भागधारकांना शिस्तीचा देखावा दाखवता येत होता. स्टुडिओचा हिशेब त्या वेळी हाच होता, असं मला तरी वाटतं. तिचा आजार खरा, तिचा बेभरवसेपणाही खरा. पण चित्रपट कधी सोडायचा हे ठरवलं ते दुसऱ्याच चित्रपटाच्या हिशेबाच्या वहीने.

तिला परत घेण्याची बोलणी उन्हाळ्यातच सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये काम पुन्हा सुरू करायचं, जास्त पैसे द्यायचे आणि क्यूकरऐवजी ज्याँ नेगुलेस्कोला आणायचं असं घाटत होतं. त्याच्यासोबत तिने १९५३ मध्ये ‘हाउ टू मॅरी अ मिलियनेअर’ केला होता. ३ ऑगस्टच्या ‘लाइफ’मध्ये तिची मुलाखत आली. अधिकाऱ्याला सर्दी झाली तर तो घरी बसून फोनवर काम करतो, नटाला मात्र सर्दी व्हायची सोय नाही, असा टोला तिने त्यात हाणला होता. ४ ऑगस्टच्या रात्री ब्रेंटवूडच्या घरी ती मरण पावली. गोळ्यांचा अतिरेक, बहुधा आत्महत्या, असा निष्कर्ष कॉरोनरने, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, नोंदवला. त्यावर नंतर जी अटकळींची जत्रा भरली तिच्यात इथे शिरायला नको.

गोष्ट मात्र वाया गेली नाही. डिसेंबर १९६३ मध्ये ‘मूव्ह ओव्हर, डार्लिंग’ आला. डोरिस डे, जेम्स गार्नर आणि क्यूकरच्या घराची तीच प्रतिकृती, आयतीच उभी होती. तो चांगला चालला.

मॅरिलिनच्या रिळांचं काय? काही तुकडे १९६३ च्या तिच्यावरच्या संकलनपटात दिसले, बाकीचे फॉक्सच्या गोदामात पडून राहिले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सुमारे नऊ तासांचं चित्रीकरण बाहेर निघालं, १९९० मध्ये त्यावर माहितीपट आला आणि २००१ मध्ये, तिच्या पंचाहत्तराव्या जन्मदिनी, त्यातून जुळवलेली ३७ मिनिटं अमेरिकेत टीव्हीवर दाखवली गेली. तिच्याच्याने काम होत नव्हतं, अशी कुजबूज तेव्हा होती. ही रिळं तसं सांगत नाहीत. ती बारीक झालेली, केस जवळजवळ पांढरे आणि कमालीची सावध आहे. कुत्र्याच्या दृश्यात तो काही केल्या ऐकत नाही, टेकवर टेक होतात, आणि ती वैतागण्याऐवजी हसत सुटते. मुलांशी पहिल्यांदा बोलताना आई असल्याचं लपवायचं आहे, ते ती आवाज न चढवता, जवळजवळ काहीच न करता लपवते. विनोदपटात हे सहसा कुणी करत नाही. नवरा-बायको पुन्हा एकत्र येतात ती अखेरची दृश्यं मात्र चित्रित झालीच नव्हती, त्यामुळे जुळवणाऱ्यांना गोष्ट मध्येच सोडावी लागली.