एलपी आणि पॅटन-१ : ठिपकेदार घोड्यामागची दोन जनुके

आभासी घोड्यांची पैदास करण्याच्या खेळात ॲपलूसा घोड्याचा मोह बहुतेकांना पडतो. दसऱ्याच्या शाही मिरवणुकीत किंवा रंकाळ्याच्या काठी पांढरे, काळे, तांबडे आणि फार तर एखादे अबलख जनावर पाहण्याची सवय असलेल्या कोल्हापूरच्या नजरेला, पांढऱ्या अंगावर गडद ठिपके उधळलेला तो घोडा पडद्यावर दिसला की तसाच आपल्या तबेल्यात हवा असे वाटू लागते. (अबलखाचे मोठे पांढरे पट्टे वेगळ्याच जनुकांमुळे येतात, त्यांचा येथे संबंध नाही.) अडचण पुढे येते, कारण खेळाडू आपल्या नोंदवहीत ‘ॲपलूसाचे जनुक’ असा एकच रकाना आखतो आणि त्यात दोन निरनिराळी जनुके कोंबतो. एकाचे नाव एलपी, म्हणजे लेपर्ड कॉम्प्लेक्स, आणि दुसऱ्याचे पॅटन-१. ती दोन वेगळ्या गुणसूत्रांवर बसलेली आहेत, त्यांचे काम वेगळे आहे, आणि पिढ्यांचा हिशेब करताना ती वेगळीच मांडावी लागतात.

एलपी हे घोड्याच्या पहिल्या गुणसूत्रावरील टीआरपीएम-१ या जनुकाचे बदललेले रूप आहे. एका प्राचीन विषाणूचा १,३७८ अक्षरांचा डीएनएचा तुकडा त्या जनुकात घुसल्यामुळे हा बदल झाला, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. त्यांतली एक जरी एलपीची असली तरी ती दिसून येते : नाकपुड्या, डोळे आणि जननेंद्रियांभोवतीची कातडी चित्रविचित्र होते, खुरांवर उभे पट्टे उमटतात, बुबुळाभोवतीचा पांढरा भाग उठून दिसतो आणि वयाबरोबर अंगावर पांढरे केस मिसळत जातात. मात्र पाठीवर पांढरे किती पसरावे, हा निर्णय मुख्यतः एलपीचा नाही. पुठ्ठ्यावर ओंजळभर पांढरे असलेला किंवा जन्मतः जवळजवळ एकरंगी वाटणारा घोडाही एलपी बाळगून असू शकतो.

तो निर्णय पॅटन-१ घेते. तिसऱ्या गुणसूत्रावरील आरएफडब्ल्यूडी-३ या जनुकातील हा बदल २०१६ साली निश्चित झाला. एलपी सोबत असेल तर पॅटन-१ ची एक प्रतसुद्धा शिंगराच्या अंगाचा साधारण साठ टक्क्यांहून अधिक भाग जन्मतःच पांढरा करू शकते. एलपी नसेल तर तेच पॅटन-१ काहीही करत नाही. गल्लीतला व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडलेच नसेल तर घरातला नळ पूर्ण फिरवूनही बादली कोरडीच राहते, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे पॅटन-१ च्या दोन प्रती असलेली साधी तांबडी घोडी चित्रात कोणत्याही साध्या तांबड्या घोडीसारखीच दिसते, आणि बाजारात ती स्वस्तात निघते ती याच अज्ञानामुळे.

प्रतींच्या संख्येबाबत दोन्ही जनुकांची वागणूकही सारखी नाही, आणि सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो. पॅटन-१ च्या बाबतीत एक प्रत आणि दोन प्रती यांच्यात डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही. एलपीच्या बाबतीत मात्र तो ठळक असतो, कारण पांढऱ्या भागावर गडद ठिपके टिकतात ते एलपीची एकच प्रत असताना. दोन प्रती झाल्या की ठिपके जवळजवळ नाहीसे होतात. एक एलपी आणि पॅटन-१ मिळून सर्वांगावर ठिपके असलेला लेपर्ड होतो, तर दोन एलपी आणि पॅटन-१ मिळून फ्यूस्पॉट, म्हणजे मोजकेच ठिपके उरलेला जवळपास पांढरा घोडा, होतो. पॅटन-१ नसताना एका एलपीमुळे पुठ्ठ्यावर ठिपक्यांची पांढरी झूल येऊ शकते आणि दोन एलपींमुळे तीच झूल ठिपक्यांविना, म्हणजे स्नोकॅप. झुलीचा आकार कमीजास्त करणारी इतर लहानसहान जनुकेही आहेत, पण खेळातले गणित मुख्यतः या दोघांवर चालते.

यातून निघणारा निष्कर्ष नवख्यांना पचत नाही : लेपर्डला लेपर्ड लावून फक्त लेपर्डच देणारा वंश तयार होऊ शकत नाही. माझ्या भाच्याने पिढ्यान्‌पिढ्या उत्तम लेपर्ड निवडून जुळवले आणि दरवेळी पांढरी आणि एकरंगी शिंगरे निघाली की तो खेळच बिघडला आहे असे म्हणत असे. खेळात काही बिघाड नव्हता. एलपीची एकेक प्रत असलेले दोन घोडे जुळवले की सरासरी चौथा हिस्सा शिंगरे दोन प्रतींची, अर्धी एका प्रतीची आणि चौथा हिस्सा एलपीविना निपजणारच.

हमखास लेपर्ड हवे असतील तर रस्ता उलट दिशेने जातो. पॅटन-१ नसलेला स्नोकॅप घ्यावा आणि त्याला पॅटन-१ च्या दोन प्रती असलेली एकरंगी घोडी द्यावी. दोघांच्याही अंगावर नाव घेण्यासारखा ठिपका नाही, तरी प्रत्येक शिंगराला बापाकडून एक एलपी आणि आईकडून एक पॅटन-१ मिळते, आणि सगळी शिंगरे लेपर्डच्या घडणीची होतात. यानंतर ही भावंडे आपसांत जुळवली तर सोळा भागांच्या हिशेबात सहा भाग लेपर्ड, तीन भाग फ्यूस्पॉट, दोन भाग ठिपक्यांची झूल, एक भाग स्नोकॅप आणि चार भाग एकरंगी असे प्रमाण अपेक्षित असते. त्या चार एकरंगी भागांपैकी तीन भागांत पॅटन-१ दडलेले असते. हीच शिंगरे कवडीमोलाने विकून टाकणे हा मला या छंदातला सर्वांत महागडा व्यवहार वाटतो.

एकरंगी जनावरात पॅटन-१ आहे की नाही, हे कसे ओळखावे? प्रत्यक्ष जगात केसांची मुळे प्रयोगशाळेत पाठवून दोन्ही जनुकांची चाचणी करता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय जनुकशास्त्र प्रयोगशाळेत ती होते. खेळात अशी चाचणी नसेल किंवा परवडत नसेल तर वर सांगितलेला स्नोकॅपच चाचणीचे काम करतो. तो प्रत्येक शिंगराला एलपी देतोच आणि पॅटन-१ कधीच देत नाही, म्हणून शिंगराच्या अंगावर विस्तीर्ण पांढरे दिसले तर ते पॅटन-१ समोरच्या जनावराकडूनच आले, हे पक्के. सुमारे निम्मी शिंगरे तशी निघाली तर त्या जनावराकडे एक प्रत आहे. चार शिंगरे घेतली आणि चारही तशी निघाली तर दोन प्रती असण्याचा संभव मोठा, कारण एकाच प्रतीवर असे घडण्याची शक्यता सोळात एक एवढीच असते. फ्यूस्पॉट मात्र या कामाला निरुपयोगी, कारण पांढरे कोणामुळे आले हे तो कळूच देत नाही.

घोड्याच्या प्रकृतीशीही दोहोंपैकी एकाचाच संबंध आहे. टीआरपीएम-१ डोळ्याच्या पडद्यातील पेशींनाही लागते. म्हणून एलपीच्या दोन प्रती असलेल्या घोड्यांना जन्मापासून रातांधळेपणा असतो, जो वयाबरोबर वाढत नाही. फ्यूस्पॉट आणि स्नोकॅप दोघेही त्यात येतात. पॅटन-१ असल्याने किंवा नसल्याने काही बदलत नाही. आभासी तबेल्यात याची झळ लागत नाही, पण प्रत्यक्ष पैदास करणाऱ्याला संध्याकाळनंतर अशा जनावराची काळजी वेगळी घ्यावी लागते.

वयाचाही विचार करावा लागतो. एलपीमुळे केस हळूहळू पांढरे होत जातात आणि नाकाचे हाड, गालाची हाडे, कमरेचे हाड असे उंचवटे तेवढे गडद राहतात. अशा प्रौढ घोड्याचे चित्र पाहून अनेकजण त्याच्या नावापुढे पॅटन-१ लिहून मोकळे होतात. ज्या खेळात वयाप्रमाणे रंग बदलतो, तेथे शिंगरू जन्मले त्या वेळचे चित्र जपून ठेवावे आणि पॅटन-१ चा अंदाज त्यावरूनच करावा.

रंगाच्या निवडीत आणखी एक गुंता आहे. अंगाचा मूळ रंग काळा की तांबडा हे ठरवणारे एमसी-१-आर हे जनुकही तिसऱ्याच गुणसूत्रावर, पॅटन-१ पासून फार दूर नसलेल्या जागी आहे, त्यामुळे ती दोन्ही एकत्र पुढच्या पिढीत जाण्याची प्रवृत्ती दिसते. तांबड्या लेपर्डच्या वंशातून काळा लेपर्ड काढू पाहणाऱ्याने, आपल्या खेळात ही जवळीक धरली आहे की प्रत्येक जनुक स्वतंत्र मानले आहे, हे आधी तपासून मगच शिंगरांची संख्या ठरवावी.